सव्वीस नंबरची मागची बाजू

सव्वीस नंबरच्या दाढेच्या मुळांच्या मागच्या फाट्याशी माझं वैर तीस वर्षांचं. ग्रेसी तेरा-चौदा ही क्युरेट हिरडीच्या आत सरकवायची, धार मुळाला लावायची आणि डोळे मिटून बोटांनी ऐकायचं. खरखर थांबली की मूळ साफ. गेल्या पावसाळ्यापासून अंगठ्याचा सांधा धरलाय. खरखर मुळाची की माझ्या सांध्याची, हेच कळेनासं झालंय.

निफाडचे एक द्राक्षबागायतदार आले. मधुमेह, आणि नेमक्या त्याच फाट्यात हिरडीखाली सात मिलिमीटरचं पॉकेट. दोनदा साफ केलं, खोली मोजायचा प्रोब जातो तेवढाच खोल. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्सीसायक्लीन वीस मिलिग्रॅम लिहिलं. सकाळ-संध्याकाळ, तीन महिने. एवढ्याशा मात्रेनं जंतू मरत नाहीत. सुजेच्या भरात आपल्याच पेशी कोलॅजन कुरतडणारं विकर सोडतात, ते तेवढं आवरतं. लॉर्न गोलब यांनी १९८३ मध्ये टेट्रासायक्लीनच्या कुळातल्या औषधाचा हा गुण मधुमेही उंदरांच्या हिरड्यांत दाखवला. १९९८ मध्ये अमेरिकेत या मात्रेला मान्यता मिळाली. मी मात्र इतकी वर्षं ‘हात कच्चा, त्याला गोळी’ म्हणत परिषदांमध्ये हशा वसूल केला.

पहिल्याच आठवड्यात घोळ. औषधवाल्यानं शंभरची दिली, वर ‘वीसनं काय होतंय?’ हा सल्ला. शंभरनं जंतू निर्ढावतात, हे त्याला कोण सांगणार? शिवाय या औषधावर ऊन बाधतं, आणि माणूस दिवसभर बागेत.

   

वीसची गोळी सुरू झाल्यावर माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं तो फाटा पुन्हा चाचपला. काही न बोलता कीटणाची एक कपची ट्रेमध्ये ठेवली. माझ्या हातून राहिलेली.

तीन महिन्यांनी प्रोब पाचवर थांबला. साखरही उतरली होती. श्रेय गोळीचं, साखरेचं की त्या कपचीचं, रात्र रात्र घोळवतोय. पेशंटला मात्र मी ठणकावून सांगितलं, ‘गोळीनं काम केलं.’ ती मुलगी शेजारीच उभी होती. ज्या गोळीला आयुष्यभर हिणवलं, तिच्याच आड मी लपलो.

गोळी आता बंद आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर. क्युरेट ती धरणार आहे.