सुलिस, बाणाई आणि साती आसरा

सुलतानपूर (ता. लोणार, जि. बुलढाणा)
आश्विन शुद्ध पंचमी

चि. छकुलीस,

इंग्लंडातल्या बाथहून पाठवलेले फोटो मिळाले. कुंडाजवळच्या संग्रहालयातल्या त्या सोनेरी मुखवट्याबद्दल तू विचारलंस, ‘मामा, ही देवी रोमनांची की त्याआधीच्या लोकांची?’ दोघांचीही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ‘दोघांची’ म्हटलं की दोघांचा वाटा सारखा होता असं वाटतं, आणि तसं नव्हतं. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय.

तिथे जमिनीतून 46 अंशांचं ऊन पाणी वर येतं, रोज 11 लाख लिटरांहून जास्त. अशा पाण्याला देवी असणारच. केल्टिक लोकांनी तिला सुलिस म्हटलं. इ.स. 43 मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या, पुढच्या काही दशकांत त्यांनी झऱ्यापाशी देऊळ आणि स्नानगृहं उभारली, आणि आपल्या मिनर्वा देवीची सुलिसशी गाठ घातली. सुलिस मिनर्वा असं जोडनाव पडलं. 1727 साली खोदकामात सापडलेला तो मुखवटा नीट बघ. चेहरा सगळा रोमन आहे. सुलिस मुळात कशी दिसत होती, तिला चेहरा होता की नाही, याची खूण त्यात उरलेली नाही.

पण कुंडाच्या तळाशी शिसं-कथलाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेली गाऱ्हाणी सापडली आहेत, सुमारे 130. चोरीला गेलेला अंगरखा, भांडं, पैसे असलं सगळं त्यांत आहे. दोसिमेदिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं गाऱ्हाणं त्याने देवीला घातलंय. ही गाऱ्हाणी लॅटिनमध्ये आहेत, पण गाऱ्हाणं घालणाऱ्यांत केल्टिक नावं भरपूर आहेत, आणि अनेकांनी हाक मारलीय ती नुसत्या सुलिसला. देऊळ कोणी बांधलं यापेक्षा हाक कोणाला मारली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

रोमनांची ही रीतच होती. ज्यूलियस सीझरने गॉल, म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, जिंकताना तिथल्या देवांविषयी लिहिलं, पण त्यांची स्थानिक नावं दिलीच नाहीत. हे लोक मर्क्युरीला सर्वांत जास्त भजतात, मग अपोलो, मार्स, ज्युपिटर, मिनर्वा, असं लिहून तो पुढे गेला. जिंकणाऱ्याच्या हाती लेखणी असली की असं होतं. तरी सगळे देव पुसले गेले नाहीत. घोड्यांची देवी एपोना आपल्या गॉलिश नावानिशी रोमन घोडदळात शिरली आणि रोममध्येही पुजली गेली. काही ठिकाणी लग्न लावून दिलं गेलं, रोमन मर्क्युरीशेजारी गॉलची रोस्मेर्ता बसली.

हे वाचताना मला जेजुरी आठवते. आपल्या खंडोबाला एक म्हाळसा वाण्याच्या घरची, दुसरी बाणाई धनगराच्या वाड्यावरची. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’ सांगतं की मणी आणि मल्ल या दैत्यांना मारायला शंकराने मार्तंडभैरवाचा अवतार घेतला. म्हाळसा पार्वती ठरली, बाणाई गंगा. म्हणजे मेंढपाळांचा, रानावनातला देव कैलासाशी जोडला गेला. विठ्ठलाबद्दल रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 सालच्या ग्रंथात हीच वाट उलगडली. धनगरांच्या विठ्ठल-बीरप्पापासून पंढरीच्या विष्णुरूपापर्यंत ते वाचकाला हाताला धरून नेतात. ते पुस्तक तुझ्या आईकडे आहे, मागवून घे.

लांब कशाला, लोणारचंच बघ. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या विवराची पुराणातली कथा लवणासुराची. तो जमिनीखालच्या गुहेत राहायचा. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, दैत्याच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या, त्यांनी भावाची जागा दाखवली आणि विष्णूने गुहेचं झाकण उडवून त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ आहे ते याच कथेचं. पण खाली तळ्याच्या काठी आहे कमळजा माता. सध्या नवरात्र चालू आहे, बाया विवर उतरून तिच्या दर्शनाला जातात. वरच्या देवळात शिल्प बघायला जाणारे वेगळे, खाली ओटी भरायला जाणाऱ्या वेगळ्या. खालचा मान अजून कमळजेचाच आहे.

आणि आपल्या वावरातल्या विहिरीपाशी साती आसरा. शेंदूर लावलेले सात दगड, त्यांना हिरवी चोळी, बांगड्या, दहीभाताचा निवद. धुऱ्यावर राखणीला म्हसोबा. युरोपात ऱ्हाईन नदीपासून हेड्रियनच्या भिंतीपर्यंत अशाच मातृदेवता होत्या, बहुधा तिघी एकत्र बसलेल्या, मांडीवर फळं नाहीतर तान्हं मूल. रोमन सैनिकांनी त्यांना दगडी वेद्या वाहिल्या, त्यावर लॅटिन लेख आहेत. वेद्या शेकडो आहेत. त्या देवींची गाणी मात्र एकही नाही.

इथेच आपल्यातला आणि त्यांच्यातला खरा फरक आहे, आणि या पत्राचं कारणही तेच. केल्टिक लोकांचं सगळं ज्ञान द्रुइड नावाच्या पुरोहितांच्या तोंडी होतं. धर्मविद्या लिहून ठेवू नये असा त्यांचा दंडक होता. ती पाठ करायला काहींना 20 वर्षं लागत, असं सीझरनेच नोंदवलंय. रोमने देव ठेवले, पण देवांबद्दल बोलणारी माणसं ठेवली नाहीत. टायबेरियस आणि क्लॉडियस या सम्राटांनी द्रुइडांवर बंदी आणली, आणि इ.स. 60 च्या सुमाराला वेल्सजवळच्या मोना बेटावर फौजेने त्यांची देवराई तोडली. नरबळीचं कारण पुढे केलं गेलं. ती चाल असेल तर ती थांबायलाच हवी होती, जशी आपल्याकडे मुली खंडोबाला मुरळी म्हणून सोडण्याची चाल कायद्याने थांबली. पण चालीबरोबर सगळी कंठस्थ विद्याच गेली. 1710 साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली नावाड्यांनी उभारलेला एक स्तंभ सापडला. त्याच्यावर ज्युपिटरसोबत शिंगं असलेला केर्नुन्नोस आहे, झाड तोडणारा एसुस आहे. एसुस ते झाड का तोडतोय, हे सांगणारं आज कोणी नाही.

आपल्याकडे पोथी लिहिली गेली तरी वाघ्यांचं जागरण चालू राहिलं. पोथीतली गंगा जागरणात बाणाईच असते, मेंढरं राखते आणि म्हाळसेशी भांडतेही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या माळरानावर बसून ध्वनिमुद्रित केल्या, हे आपल्यावर त्यांचं ऋण आहे.

पण आसरांची गाणी कोणी ध्वनिमुद्रित केली? विहिरी बुजतायत, बोअर आले. उरलेल्या दगडांवर टाइल्सचे ओटे बांधून वर पाटी लावतात ‘सप्तमातृका’. पाटी लावणाऱ्याची श्रद्धा खरी असते, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण पाटी वाचणाऱ्या पुढच्या पोराला आसरा माहीत नसतील.

म्हणून एक काम सांगतो. आजीला आसरांची गाणी येतात, आणि तिच्याबरोबरच्या बाया आता फार उरल्या नाहीत. दर रविवारी तू फोन करतेसच. तब्येतीचं विचारून झालं की तिला एक गाणं म्हणायला लाव आणि ध्वनिमुद्रित करून ठेव. मग लिहून काढ, पण ती म्हणेल तसंच, आपल्या वऱ्हाडी बोलीत. एकही शब्द शुद्ध करू नकोस.

तुझा
मामा