खांदा

आपल्या मराठीने खांद्यावर केवढे ओझे टाकले आहे! संकटात खांदा द्यायचा, खांद्याला खांदा लावून लढायचे आणि अखेरच्या प्रवासालाही चार खांदेच लागायचे. पण हा सांधा मुळात किती नाजूक! दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ वाटीला टेकलेला. कडेची कूर्चा, अस्थिबंध आणि स्नायू त्याला सावरून धरतात. हात चहूकडे फिरतो तो या उथळपणामुळे, आणि निखळतो तोही त्यामुळेच.

कबड्डीत पकड करताना माझा डावा खांदा दोनदा निखळला. तिसऱ्यांदा मात्र घणसोलीला लोकलमध्ये वरची कडी धरताना! एम.आर.आय. पाहून डॉक्टर म्हणाले, वाटीच्या पुढच्या कडेची कूर्चा सुटली आहे. बँकार्ट या इंग्रज शल्यविशारदाने १९२३ साली वर्णिलेली हीच ती इजा.

उपाय तीन. पहिला व्यायामाचा : रबरी पट्टा ओढून खांद्याचे व पाठीचे स्नायू बळकट करायचे. पण विशीच्या आत, झटापटीचा खेळ खेळणाऱ्याचा खांदा एवढ्याने बहुधा टिकत नाही. दुसरा, दुर्बिणीतून सुटलेली कूर्चा वाटीला पुन्हा टाचण्याचा. तिसरा, वाटीचे हाडच झिजले असेल तर शेजारच्या हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवण्याचा; त्याला लाटार्जे म्हणतात. माझे हाड शाबूत आहे. गल्लीतल्या हाडवैद्याकडून हिसका मारून घेणे हा उपाय नव्हे. त्यात नस दुखावू शकते.

मुंबईच्या श्रेयस अय्यरचा डावा खांदा २३ मार्च २०२१ रोजी गहुंजे येथे क्षेत्ररक्षण करताना निसटला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया, सप्टेंबरात पुनरागमन आणि नोव्हेंबरात कानपूरला पहिल्याच कसोटीत १०५ धावा! त्याच्यामागे क्रिकेट मंडळ होते. माझ्यामागे तुर्भ्याच्या बाजारात गोण्या वाहणारे माथाडी वडील आहेत.

डॉक्टरांनी विचारले, "पुढे या हाताकडून तुला काय हवे आहे?" कबड्डी सोडली तर व्यायामावर भागवून पाहता येईल, असे मी घरी सांगितले. कारण खर्चच होता. अण्णा म्हणाले, "खांद्यावरच घर चाललंय आपलं. त्याची किंमत मला नको सांगू. परीक्षा झाली की करून घे."

त्याप्रमाणे ठरले आहे. नंतरचे सहाएक महिने रबरी पट्ट्याशी झुंजण्यात जातील. मैदानात उतरण्याची घाई खांद्याला नाही, मलाच आहे.