सतरा सप्टेंबर आणि आमची मुले

दरवर्षी १७ सप्टेंबरला बीड जिल्ह्यातील शाळांत झेंडावंदन होते. १९४८ साली या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगतो. मुले घरी जातात. घरातले बुजुर्ग त्याच दिवसांना ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात आणि गप्प होतात.

मुलांना पूर्ण हकीकत सांगावी, असे आम्हांस वाटते. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे सांगताना आपली जीभ अडखळू नये. त्यानंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, तेही लपवू नये. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने वर्षाअखेर संस्थानात फिरून पाहणी केली. त्यांच्या अंदाजाने किमान २७ ते ४० हजार जीव गेले. होरपळलेल्या जिल्ह्यांत बीडही होते. हा अहवाल कित्येक दशके दडूनच राहिला. त्यातच एक नोंद अशीही आहे, की एका ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. धर्म वेगळा होता, धंदा एक होता.

तुटलेली मने भाषणांनी सांधत नाहीत, एकमेकांच्या कामी आल्याने सांधतात. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. निजामकालीन दप्तर उर्दूत आणि मोडीत. मग उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आमच्याकडेही शेजारचे मराठा शेतकरी झेरॉक्स घेऊन आले. “गुरुजी, एवढं वाचून द्या.” आम्ही वाचत गेलो, ते लिहून घेत गेले. परकी वाटणाऱ्या लिपीत त्यांच्याच पणजोबांचे नाव निघाले, तेव्हा त्यांनी कागद कपाळाला लावला.

दुष्काळ आणि ऊसतोडीसाठीचे स्थलांतर या जिल्ह्यात जात-धर्म पाहून येत नाही. म्हणून ग्रामसभेत, पाणलोटाच्या श्रमदानात, शाळा समितीत आपण हजर असलेच पाहिजे. बोलावण्याची वाट कशाला पाहायची?

आणखी एक विनंती. येत्या सुट्टीत मुलांना जुन्या कागदांवरची शिकस्ता उर्दू वाचायला बसवा, सोबत मोडीही. उद्या कोणी शेजारी कागद घेऊन दारात आला, तर आपल्या घरातून त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागू नये.