पिवळा दिवा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका घराण्याच्या मोटारीत एका डिसेंबरात सलग अकरा दिवस एक पिवळा दिवा पेटलेला राहिला. घोड्याच्या नालेसारखी खूण, तिच्या पोटात उद्गारचिन्ह, शेजारी मोटारीचे चिमुकले चित्र आणि त्या चित्रातले मागचे डावे चाक पिवळे. चाकात हवा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो घरातील लहानथोरांना ठाऊक होता.

पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने पेट्रोल पंपावर मागच्या डाव्या चाकाची हवा पाहिली. ती 33 भरली. दारामागच्या पट्टीवर कंपनीने छापलेला आकडाही तोच. पंपावरच्या मुलाने समाधानासाठी आणखी थोडी हवा घातली. दिवा गेला नाही. थोडी गाडी चालवा म्हणजे जाईल, असे कोणी सांगितले. त्यात तथ्य होते, कारण चाक फिरू लागल्यावाचून आतला सेन्सर बहुधा नवा निरोप पाठवीत नाही. मोटार मिरजेला जाऊन आली, तरी दिवा तसाच.

चौथ्या दिवशी टायरवाल्याने ते चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडविले. एक बुडबुडा निघाला नाही. त्याने दोन मते दिली. सेन्सर गेला असावा, हे पहिले. चाक कुठेतरी आदळले असावे, हे दुसरे. दुसरे मत शेठजींच्या मनात रुतून बसले. आठवड्यापूर्वी गोदामाच्या कट्ट्याजवळ गाडी मागे घेताना ड्रायव्हरने अचकन ब्रेक मारला होता. चाक तपासणे, रिम सरळ करून घेणे, बॅलन्सिंग असे पंधराशे रुपये झाले, आणि ते चौदा वर्षे घरात असलेल्या त्या माणसाच्या खात्यावर नावे पडले.

"शेठ, मागचं चाक कुठंच लागलेलं नाही," तो म्हणाला. "उलट गाडी उजवीकडं ओढती."

त्याचे दुसरे वाक्य कोणी ऐकलेच नाही. खरे निदान त्या वाक्यात होते. पण नोकराने स्वतःचा बचाव मांडला की त्यातली माहितीसुद्धा बचावातच जमा होते, ही पेढीवरची जुनी खोड आहे. शेठजींनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. नव्या सेन्सरचा खर्च टळला.

बाराव्या दिवशी पहाटे शेठजींच्या आईंना डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला न्यायचे होते. सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता, मध्ये खंबाटकीचा घाट. कमी हवेचे टायर गावात काही बोलत नाही. हमरस्त्यावर मात्र त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते, सुटते आणि तापत जाते. तासाभराच्या वेगाने ते फुटायच्या बेतास येऊ शकते. त्यातून चाक पुढचे असेल, तर स्टिअरिंग हातात राहत नाही. ह्या दिव्याला कोणी हौसेची सोय समजू नये. अमेरिकेत टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर 2000 साली कायदा झाला, आणि सप्टेंबर 2007 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत तो सक्तीचा आहे. नेमल्या दाबाच्या चौथा हिस्सा हवा उतरली की तो लागलाच पाहिजे, असा तिथला नियम. म्हणजे 33 च्या चाकात पंचविसाच्या आसपास.

पहाटे आजींची पिशवी गाडीत ठेवताना सुनेला ती पट्टी दिसली. तिने ती सोलून काढली.

"पप्पा, किल्ली फिरवल्यावर हा दिवा आधी मिचकावतो का?"

ते कोणी पाहिलेच नव्हते. गाडीबरोबर आलेले पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनासह कप्प्यात पडून होते. सुनेने ते उघडून वाचले. सेन्सर किंवा यंत्रणा बिघडली असेल, तर दिवा मिनिटभर किंवा थोडा अधिक वेळ मिचकावतो आणि मग स्थिर होतो. पहिल्यापासून स्थिर असेल, तर यंत्रणा धड आहे आणि हवा खरोखरच कमी आहे. तिने किल्ली फिरविली. दिवा मिचकावला नाही. म्हणजे अकरा दिवस ज्याला मेलेला ठरविले होते, तो सेन्सर जिवंत होता आणि खरेच सांगत होता.

शेजारच्या ट्रकमालकाकडून हवा मोजायचा गेज आला. ती वेळही नेमकी मिळाली. चाक थंड असताना घेतलेलाच आकडा खरा. दुपारी धावून आलेल्या टायरची हवा तापून फुगलेली दिसते, आणि नुसते हवामान दहा अंशांनी उतरले तरी दाब जवळजवळ दोनाने उतरतो. सुनेने चारी चाके मोजली. मागचे डावे 37. मागचे उजवे 32. पुढचे डावे 32. पुढचे उजवे 21.

शेठजींनी वाकून पाहिले. डोळ्यांना चारी चाके सारखीच दिसत होती. आजची टायरे मुळातच खाली किंचित फुगलेली असतात, त्यामुळे एवढी घट नजरेला कळत नाही.

तेव्हा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "दिवाळीच्या आधी टायरची अदलाबदल केली होती, शेठ. पुढची सरळ मागं, मागची तिरकी पुढं. मागचं डावं तेव्हा पुढं उजवीकडं गेलं."

चाळीस वर्षे खतावणी लिहिलेल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागले नाही. सेन्सर चाकाच्या आत बसलेला असतो, तो चाकाबरोबर पुढे गेला. गाडीच्या वहीत त्याचे नाव जुन्याच पानावर राहिले. काही गाड्या ही नवी जागा आपण होऊन ओळखतात. ही त्यांतली नव्हती, तिला ती शिकवावी लागते आणि तसे कोणी केले नव्हते. रक्कम बरोबर, खाते चुकलेले.

साबणाचे पाणी शिंपडल्यावर पुढच्या उजव्या टायरच्या खाचेत बारीक फेस जमू लागला. तिथे पत्र्याचा एक स्क्रू रुतला होता. ऑक्टोबरात गोदामावर नवे पत्रे चढविले होते, त्यांतलाच. शेठजी तो तळहातावर घेऊन बराच वेळ उभे होते.

टायरवाल्याला झोपेतून उठविण्यात आणि आतून पॅच लावण्यात दीड तास गेला. मागच्या डाव्या चाकातली जास्तीची हवा काढली, चारी चाके 33 वर आणली. सांगली सोडून गाडी थोडी पुढे गेली आणि दिवा विझला. आजींना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. निघायला उशीर का झाला, एवढेच त्या पेठ नाक्यापर्यंत विचारीत होत्या.

शस्त्रक्रिया झाल्यावर शेठजींनी दवाखान्याच्या आवारातून दुकानात फोन लावला आणि ड्रायव्हरच्या खात्यावरचे पंधराशे परत जमा करायला सांगितले. दिवाणजींनी तपशिलात काय लिहू म्हणून विचारले.

"खतावणीची चूक दुरुस्त," शेठजी म्हणाले. मग थोडे थांबून, "माझ्या हातची, असं लिहा."

परतीच्या वाटेवर ते पुढच्या आसनावर बसले. साताऱ्याच्या अलीकडे एकदा आणि कऱ्हाडनंतर एकदा, गाडी आता ओढत तर नाही ना, असे त्यांनी ड्रायव्हरला विचारले.