शेवट न ठरवता: जीएमच्या वहीतली टिपणं

टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये चार-पाच जण बसतात. एक सोडून प्रत्येकाकडे एक पात्र असतं. उरलेलं सगळं, म्हणजे शहर, पाऊस, शत्रू, शेजारी, देव, हे जीएमकडे, गेम मास्टरकडे. एवढं हाती आलं की गोष्टही आपणच रचावी असा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जीएमने जग प्रामाणिकपणे चालवावं, प्रश्न विचारावेत आणि शेवट काय होतो ते बाकीच्यांबरोबरच शोधावं. वहीतली बहुतेक टिपणं फिरून इथेच येतात.

*

तयारी. सध्याच्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीची, एका पानात मावते. सावळबंदर नावाचं काल्पनिक बंदर. जकातदाराने धान्याची गलबतं रोखून धरलीत, कारण त्याच्याकडे वरून हप्ता मागितला गेलाय. वखारवाल्या बयाबाईला भाव चढेपर्यंत थांबायचंय. कोळीवाड्यात चूल पेटायची मारामार. त्याखाली अधोरेखित केलेला एक प्रश्न: आपली पात्रं इथे आलीच नसती, तर पुढच्या अमावस्येपर्यंत काय झालं असतं? त्याचं उत्तर लिहून ठेवलं की पुरे. खेळाडू जिथे हात घालतील तिथे ते बदलेल, घालणार नाहीत तिथे तसंच घडेल. ‘मग ते वखारीत शिरतात’ अशी ओळ मी कधी लिहीत नाही. ते त्यांनी ठरवायचं.

*

जीएमची ही खुर्ची आली प्रशियाच्या सैन्यातून. 1824 मध्ये राईसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी क्रीगश्पील हा युद्धखेळ मांडला. नकाशा, ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत. कोणाला काय दिसतं आणि काय घडतं ते तो सांगे. पुढे नियम वाढत गेले, खेळ जड झाला. 1876 मध्ये फेर्डी द्यु वेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून जाणत्या पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत मांडली.

मग 1969 च्या सुमारास अमेरिकेत, मिनेसोटात, डेव्हिड वेसलीने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन या काल्पनिक जर्मन गावावर खेळ रचला. सेनापतींच्या जोडीला नगराध्यक्ष, बँकर, कुलगुरू अशाही भूमिका वाटल्या. लढाईला तोंड फुटायच्या आतच लोक कोपऱ्यात जाऊन आपापसांत खलबतं करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच ठरवलं, आणि त्यासाठी नियमच नव्हता. वेसलीने जागच्या जागी फासे टाकून निकाल लावला. खेळ फसला असंच त्याला वाटत होतं. खेळणारे मात्र पुढचा डाव कधी म्हणून मागे लागले. याच मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने ब्लॅकमूर हे जग उभं केलं, आणि 1974 मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं. पहिली छपाई 1,000 प्रतींची.

या सगळ्यात मला ते द्वंद्वयुद्ध सर्वांत मोलाचं वाटतं. पुस्तकात नसलेली गोष्ट कोणीतरी मागितली आणि पंचाने वाट करून दिली. जीएमचं निम्मं काम त्या एका निर्णयात आहे.

*

व्हिन्सेंट बेकरचा अपोकॅलिप्स वर्ल्ड (2010) हा गेम मी सगळ्यांना वाचायला सांगतो. सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज 10 किंवा जास्त आली तर काम फत्ते. 7 ते 9 आली तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. 6 किंवा कमी आली की जीएमची पाळी, आणि तो सहसा हात आखडता घेत नाही. जीएम स्वतः फासे टाकतच नाही.

हिशेब मांडून पाहावा. 36 शक्यतांपैकी नुसत्या फाशांवर 10 किंवा जास्त येण्याच्या 6, मधल्या पट्ट्यात 15, खाली 15. पात्राच्या कसबामुळे बेरजेत +1 मिळत असेल तर वर 10, मध्ये 16, खाली 10. म्हणजे जे काम पात्राला बऱ्यापैकी जमतं त्यात सर्वांत जास्त वेळा निघतं ते ‘हो, पण’. हा योगायोग नाही, रचनाच तशी आहे. गोष्ट पुढे ढकलतो तो हा मधला पट्टा. नुसतं यश आलं की प्रसंग तिथेच संपतो, नुसतं अपयश आलं की खोळंबतो. ‘हो, पण’ म्हटलं की पुढच्या प्रसंगाचं बी पडलेलंच असतं.

*

त्याचंच उदाहरण, मागच्या सेशनमधलं. रात्री धान्याची होडी चौकीखालून काढायची होती. नावाडीण चंद्री पहारेकऱ्याला गळ घालते. फासे पडले: 5 आणि 3. आठ. मी म्हटलं, “तो सोडायला तयार आहे, पण होडी परत येईपर्यंत तुझं काहीतरी त्याच्यापाशी राहायला हवं. काय ठेवतेस?” मला वाटलं, पैसे नाहीतर वल्हं. चंद्री खेळणारी थोडा वेळ पात्राच्या नोंदींच्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझा धाकटा भाऊ. होडीतच झोपलाय. त्याला उठवते.”

तोवर चंद्रीला भाऊ आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही. शेजारच्याने लगेच विचारलं, “नाव काय त्याचं?” “महादू.” “वय?” “नऊ.” होडी सुटली, धान्य पोचलं, पण टेबलावरचं कोणीच धान्याचं बोलेना. आता अख्खी कॅम्पेन महादूभोवती फिरते आहे. मी महिनाभर डोकं खाजवलं असतं तरी महादू मला सुचला नसता. सुचला असता तरी तिने तो स्वतः ओलीस ठेवण्यात जे आहे, ते माझ्या हातून आलं नसतं.

*

प्रश्न मोकळा नको, भरलेला हवा. ‘तुझ्या गावाबद्दल सांग’ म्हटलं की माणूस बावचळतो. ‘गावातल्या कोणाच्या दारावरून जाणं तू टाळतोस?’ म्हटलं की लगेच बोलू लागतो. गप्प बसणाऱ्या खेळाडूला तर असाच प्रश्न द्यावा, तोही पात्राचं नाव घेऊन, आणि मग खरंच थांबावं. त्या शांततेत जीएमने तोंड उघडू नये.

*

घड्याळं. जॉन हार्परच्या ब्लेड्स इन द डार्कमुळे (2017) ही युक्ती घरोघरी पोचली. कागदावर एक वर्तुळ, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग, वर नाव: ‘जकातदाराला संशय येतो’. काही बिघडलं की एक भाग पेन्सिलीने भरायचा. माझा आग्रह एवढाच की कागद टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. लपवलेल्या घड्याळाला जीएम मनाला येईल तशी चावी देऊ शकतो. उघड्यावरचं त्यालाही बांधून ठेवतं.

*

शोधकथा चालवताना: रॉबिन लॉझच्या गमशू पद्धतीत कळीचा धागा फाशांवर सोडत नाहीत. योग्य जागी योग्य कसब वापरलं की तो मिळतोच. खरी मजा मिळालेल्या धाग्याचा अर्थ लावण्यात आहे.

*

खेळाडूच्या पात्राला काय वाटलं ते जीएमने कधी सांगू नये. ‘तुला भीती वाटते’ हे माझं वाक्य नाही. ‘दिवा विझतो आणि पायरीवर कोणीतरी आहे’ हे माझं.

*

दशावतारी मंडळींचा विचार वारंवार येतो. कोकणातल्या त्या रंगमंचावर आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. समोरचा राजा काय बोलेल ते ऐकून आपला राजा बोलतो. ऐकण्याचं ते कसब आमच्या टेबलावर तसंच्या तसं लागतं. फरक आख्यानात आहे. तिथे संकासुराचं पुढे काय होणार ते सगळ्या गावाला माहीत असतं. महादूचं काय होणार ते आमच्यात कोणालाच माहीत नाही.

*

पहिल्या डावाआधीची बैठक, सेशन झिरो, कधी टाळू नये. आपल्या मातीतलं गाव घेतलं की विहीर येते, देऊळ येतं, आणि पाठोपाठ जात येते. ‘या विहिरीवर कोण पाणी भरतं?’ हा प्रश्न काहींसाठी गोष्टीतला तपशील असतो, काहींसाठी घरातली आठवण. म्हणून आधीच विचारावं: काय अजिबात नको, काय आलं तरी पडद्याआड ठेवायचं? शिवाय टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड असतं, जॉन स्टाव्ह्रोपुलोसने रुळवलेलं एक्स-कार्ड. कोणीही त्याला हात लावला की तो भाग तिथेच गळतो. कारण विचारायचं नाही. त्याने खेळ मिळमिळीत होतो असं म्हणणारे भेटतात. माझ्या टेबलावर उलट लोक जास्त खोल जातात, कारण थांबता येईल याची खात्री असते.

*

पुढच्या सेशनसाठी. घड्याळाचे सहापैकी चार भाग भरलेत. नावांची यादी संपत आली, नवी करायची: पुरुषांची दहा, बायकांची दहा, गलबतांची पाच. बयाबाईला महादूची बातमी लागली आहे, तिला त्यात फायदा दिसतो. चंद्रीला विचारायचं: पहारेकऱ्याने महादूला जकातदाराच्या घरी ठेवलंय, तिथे त्याला जेवायला कोण वाढतं, आणि ती बाई तुला कुठून ओळखते?