चढावरची गाडी

चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढायची आणि ती वीतभरही मागे येऊ द्यायची नाही. मैत्रिणींनो, गाडी चालवण्याच्या परीक्षेतला हा एक प्रकार. सपाट गावात तो शिकवायला उंचवटा शोधावा लागत असेल. आमच्या रत्नागिरीत शोधावी लागते ती सपाट जागा! खाली मांडवीचा समुद्र नि भाट्याची खाडी, वर थिबा राजाचा राजवाडा, आणि मधली घरं जांभ्याच्या गडग्यांच्या आधाराने चढउतारावर बसलेली.

छत्तिसाव्या वर्षी हा उद्योग कशाला, असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. हौस नाही हो. गेल्या दिवाळीपासून सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा जायचं, चार-चार तास बसायचं, आणि परत येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं. यांची नोकरी चिपळूणला, घरी येणं शनिवार-रविवारचं. माझी शाळा अर्धवेळ, म्हणून ने-आण माझ्याकडे. पावसात रिक्षा आमचा चढ चढायला तयार नसते, नाक्यावर सोडते. तिथून पंचेचाळीस पायऱ्यांची पाखाडी. सासूबाईंच्या ज्या हाताला फिस्टुला केलाय तो हात धरायचा नाही आणि दुसऱ्या हातात काठी. मग आधार द्यायचा कुठे? आणि घरची गाडी पाच दिवस अंगणात झाकलेली!

शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवस गेले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, तेव्हा एकतिसाव्या दिवशीच धावलं पाहिजे असं नाही. शिकवणारे सर सज्जन, पण बायकांना मैदानाभोवतीच फिरवायची त्यांची पद्धत. "ताई, परीक्षेपुरतं येतंय की तुम्हाला!" मी म्हटलं, "सर, मला परीक्षेपुरतं नको. माझ्या घराचा चढ शिकवा."

मग खरं शिक्षण सुरू झालं. चढावर थांबलं की हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच अगदी सावकाश सोडत यायचं. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं नाक किंचित वर उचलतं. दुधाला उकळी यायच्या आधी कडेला साय थरथरते ना, तशी ती खूण. तिथे पाय थांबवायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. हे डोळ्यांनी कळत नाही, कानाने आणि पायाने कळतं. रस्ता ओला असेल तर अ‍ॅक्सिलरेटर आणखी हळू, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं. आमच्याकडे पावसात गडग्यांवरून तांबडी माती वाहून येते, त्या चिखलावर तर फारच जपून.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. यावरून आमच्या घरी वाद झाला. "उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं," इति हे. खरं तर नव्या गाड्या गिअरमध्ये उतरत असताना इंजिनाला इंधन जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. पुरुषांच्या काही सवयी त्यांच्या गाडीपेक्षा जुन्या असतात.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, असा नियमच आहे. भरली घागर घेऊन पाखाडी चढणारीला आपण बाजू देतो तसंच. पण 'एल'ची पाटी दिसली की लोकांना हॉर्नच आठवतो. वाजवू देत. आपण आपला क्लच सांभाळावा.

दर रविवारी हे शेजारच्या सीटवर बसतात आणि घरापुढच्या चढावर सराव चालतो. मागच्या चाकाला लागून करवंटी ठेवायची युक्ती सासूबाईंची. गाडी मागे आली तर करवंटी फुटणार. शाबूत राहिली की त्या ओटीवरून मान हलवतात. परवा लागोपाठ नऊ वेळा मान हलली.

बुधवारी परीक्षा आहे. नापास झाले तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, हे मी सासूबाईंना सांगून ठेवलंय. पण त्यांनी रिक्षावाल्या दादांना शुक्रवारी येऊ नका म्हणून परस्पर कळवूनही टाकलं! मी त्यांना पुन्हा फोन केला आणि म्हटलं, "दादा, लायसन्स हातात पडेपर्यंत तुम्ही यायचंच. फक्त आईंना बोलू नका."