मोठ्या बाई

गेल्या आठवड्यात भाच्याचा पुण्याहून फोन आला. कंपनीत बढती मिळाली आहे, हाताखाली अकरा माणसे आहेत. म्हणाला, "मावशी, तू शाळा चालवलीस, मला जरा टिप्स दे ना." मी हसून विषय बदलला. फोन ठेवल्यावर आठवले ते आमच्या शाळेतले भूगोलाचे सर. तो हे पान वाचतो, म्हणून इथेच लिहिते.

२००४ साली मी मुख्याध्यापिका झाले, त्यात कर्तबगारीचा भाग फारसा नव्हता. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे हे पद सेवाज्येष्ठतेने मिळते. माझ्या वरच्या बाई निवृत्त झाल्या आणि यादीत माझे नाव पहिले आले. झाले! एका दिवसात 'बाई'ची 'मोठ्या बाई'. तीस वर्षे वर्ग सांभाळला होता, पण ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना सूचना कशी द्यायची हे बी.एड.ला कोणी शिकवत नाही. मग मी सोपे हत्यार उचलले. मस्टर आणि लाल पेन.

सर रोह्याकडून येणाऱ्या पॅसेंजरने पनवेलला येत. तेव्हा तो मार्ग एकेरी. समोरून गाडी यायची असली की यांची गाडी स्टेशनात उभी. महिन्यातून सहा-सात वेळा पहिल्या तासाला वर्ग मोकळा राही. मी लाल खुणा करत गेले, तीन खुणांना एक किरकोळ रजा. सर काही बोलत नसत, त्याचाही मला राग येई. वर्षअखेरीस गोपनीय अहवालात लिहून मोकळी झाले, 'वक्तशीरपणा असमाधानकारक.'

पुढे २६ जुलै २००५ उजाडला. मुंबईत सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना माहीत आहे, पण इकडे रायगडातही काही कमी नव्हते. दुपारी अंधारून आले तशी मी घाबरले आणि शाळा सोडायची नोटीस काढली. मुले दप्तरे घेऊन निघाली, तर सर फाटकात आडवे उभे! शिपायाला म्हणाले, "फाटक लाव."

मी भिजत तिथवर गेले. "सर, मुख्याध्यापक मी आहे की तुम्ही?" सगळ्या मुलांसमोर बोलले. आजही आठवले की कानकोंडे होते.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, गावातली सोडा. विचुंबे, नेऱ्याकडची सोडू नका. गाढी चढली असणार." आणि कोण कुठल्या वाडीवरून येतो, वाटेत कुठला ओढा लागतो, हे भराभरा सांगू लागले. पाचवीपासून प्रत्येकाकडून ते 'घर ते शाळा' असा नकाशा काढून घेत. ते कागद त्यांच्या कपाटात होते. मी तीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

चाळीसेक मुले रात्री शाळेत राहिली. फोन बंद, वीज गेलेली. पोषण आहाराच्या तांदळाची खिचडी केली. सर त्या मुलांना गोष्टी सांगत होते, आणि मी कंदिलाशी बसून त्या अहवालातल्या दोन शब्दांचा विचार करत होते. सकाळी पालक चिखल तुडवत आले. सगळी मुले सुखरूप होती.

नंतर मी संस्थेच्या कार्यालयात गेले. अहवाल पुढे गेला होता, आता तो बदलता येणार नाही, म्हणाले. मी सरांना केबिनमध्ये बोलावले (पहिल्यांदाच, खुर्ची देऊन) आणि म्हटले, "माझ्या शेऱ्याविरुद्ध तुम्ही अर्ज करा, मी त्यावर अनुकूल लिहीन." ते हसले. "गाडी तर रोजच रखडते. तुम्ही खोटे कुठे लिहिलेत?" अर्ज त्यांनी केला नाही. निवड श्रेणीच्या वेळी तो शेरा आडवा आला, आणि त्यांना ती उशिरा मिळाली.

माझ्या हातात उरले होते ते वेळापत्रक. त्यांचा पहिला तास काढून शेवटी टाकला, त्या जागी शाळेजवळ राहणाऱ्या बाईंना दिला. पंधरा मिनिटांचे काम. जूनमध्ये एकदा विचारले असते तर तेव्हाच झाले असते.

असो. काल भाच्याला फोन केला. तो म्हणाला, एक मुलगा रोज उशिरा येतो, त्याला मेल टाकणार आहे. मी विचारले, "तो येतो कुठून?"

त्याला माहीत नव्हते.